माझा आवडता प्राणी, ओळी दहा

वऱ्हाडातल्या कुठल्याही जिल्हा परिषद शाळेत तिसरी-चौथीच्या फळ्यावर ‘माझा आवडता प्राणी’ हा विषय पडला, की निम्म्या वह्यांत पहिली ओळ एकच उतरते : कुत्रा हा इमानी प्राणी आहे. पुढे चार पाय, दोन कान, एक शेपूट. मग राखण. मग ‘म्हणून मला कुत्रा फार आवडतो’. दहा ओळी भरल्या की वही मिटते. मधली सुट्टी होते, पोरं ताटं घेऊन ओळीत बसतात आणि खिचडीच्या शेडमागून तो इमानी प्राणी डोकावला, की निबंधात दहापैकी आठ मार्क मिळवलेला हात आधी दगड शोधतो.

यात पोरांचं ढोंग अजिबात नाही. निबंधातला कुत्रा गाईडमधून आलेला असतो आणि शेडमागचा कुत्रा गावातून. दोघांची ओळख कुणी करून दिलेली नसते.

खेड्यातल्या शाळेचं वेळापत्रक हेडमास्तरांइतकंच पाठ असणारा दुसरा जीव म्हणजे हा कुत्रा. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ धरलेला असतो, सहावी ते आठवीला १५०. पहिलीतलं पोरगं तेवढं संपवतं असं नाही. उरलेलं ताटात राहतं, ताट हातपंपाशी किंवा नळाशी धुतलं जातं आणि तिथल्या ओलीवर दोन-तीन कुत्र्यांचा आणि अर्धा डझन कावळ्यांचा संसार चालतो. रविवारी शाळा बंद असते, तरी कुत्री साडेबाराला फाटकाशी येऊन बसतात.

हे सगळं वर्षानुवर्षं चालत आलं आणि त्याकडे कुणी फारसं बघत नव्हतं. २०२५ च्या उन्हाळ्यानंतर मात्र बघावं लागलं. छत्तीसगडच्या बलौदाबाजार जिल्ह्यातल्या लच्छनपूरच्या शाळेत कुत्र्याने तोंड लावलेली भाजी मुलांना वाढली गेली आणि गावकऱ्यांनी आरडाओरडा केल्यावर ७८ मुलांना रेबीजची लस टोचावी लागली. तिथल्या उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि मुलांना प्रत्येकी २५ हजार रुपये द्यायला सरकारला सांगितलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात तापलं. ११ तारखेचा ‘सगळी उचला’ हा आदेश २२ तारखेला ‘नसबंदी करा, लस टोचा आणि जागेवर सोडा’ असा बदलला. मग ७ नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्टेशनं आणि क्रीडा संकुलं यांच्यापुरता वेगळा आदेश निघाला : इथली कुत्री उचलायची आणि परत तिथे सोडायची नाहीत. आवाराला कुंपण घालायचं, फाटक लावायचं, देखरेखीला एक नोडल अधिकारी नेमायचा.

नोडल अधिकारी म्हणजे कोण, हे दोन शिक्षकी शाळेत विचारायची गरज नाही. जनगणना, मतदार यादी, शौचालयांची मोजणी असं करत आलेल्या माणसाच्या यादीत आता कुत्रं आलं. छत्तीसगडमध्ये शिक्षकांवरच शाळेभोवतीच्या कुत्र्यांची खबर देण्याचं काम सोपवणारं पत्रक निघालं, तेव्हा तिथल्या संघटना चिडल्या. त्यांचं चिडणं रास्त होतं. शिक्षण हक्क कायद्याचं २७ वं कलम शिक्षकाला शिकवण्याबाहेर फक्त जनगणना, आपत्ती आणि निवडणुका एवढीच कामं देतं. कुत्री त्यात बसत नाहीत.

मात्र त्याच आदेशात एक कलम होतं, ज्याच्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. शाळांनी मुलांसाठी आणि कर्मचाऱ्यांसाठी सत्रं घ्यायची : प्राण्यांजवळ कसं वागायचं, चावलं तर लगेच काय करायचं, कुणाला सांगायचं. कुंपणाला निधी लागतो, निधीला प्रस्ताव लागतो आणि प्रस्तावाला टेबलं लागतात. या सत्राला अर्धा तास आणि शिकवणारी व्यक्ती एवढंच लागतं. शाळेतलं सर्वांत स्वस्त काम तेच आहे आणि सर्वांत कमी झालेलंही तेच.

आता अशी एक मॅडम डोळ्यांसमोर आणा. अमरावतीत शेगाव नाक्याच्या बाजूला राहणारी, रोज स्कूटीने भातकुली तालुक्यातल्या शाळेत जाणारी, पहिली-दुसरीचा जोडवर्ग सांभाळणारी. घरी एक गावठी कुत्रा आहे, नाव मोती. पावसाळ्यात नालीतून काढलेलं पिलू वाढवलेलं. सकाळी साडेपाचला मोतीला फिरवून आणायचं, भाकर-ताक कालवून ठेवायचं, डबा भरायचा, निघायचं. ओढणीवर चिकटलेले पांढरे केस वर्गात पहिल्या बाकावरच्या पोरीला आधी दिसतात आणि मग प्रश्नांची सरबत्ती होते.

‘मॅडम, तुमचा मोती चावते काय?’ ‘त्याले अंडं देता काय?’ ‘तो घरात झोपते? मंग तुमची माय बोलत नाई काय?’

शेवटचा प्रश्न वऱ्हाडातल्या घराचा आहे. इथे खेड्यात कुत्रा पाळतात, पण घरात घेत नाहीत. त्याची जागा अंगणात, गोठ्यात, खरं तर वावरात. तूर-कपाशी-हरभऱ्यात रात्री रोही आणि रानडुकरं शिरतात, जागलीला जाणाऱ्या शेतकऱ्याच्या सोबत काळ्या नाहीतर वाघ्या असतो आणि डुकराने दात मारून पोट फाडलेल्या कुत्र्याला घरचा टाका घातल्याच्या गोष्टी पोरं दुसरीत असतानाच सांगतात. त्यांच्या लेखी कुत्रा कामावरचा गडी आहे. त्याला भाकर मिळते, लाड मिळत नाहीत. शहरातून गेलेल्या मॅडमला पोरांच्या तोंडी ‘हाड्’ फार ऐकू येतं, पण वाघ्या हरवला तर दोन दिवस शाळा बुडवून धुऱ्याधुऱ्याने शोधणारंही तेच पोर असतं.

घरी कुत्रा असलेल्या शिक्षिकेला एक गोष्ट वर्गात फुकटात मिळते. समोरच्याला भाषा येत नसताना त्याच्याशी बोलायचं कसं, याची तिला रोजची सवय असते. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत अनिंदिता भद्रा यांच्या गटाने रस्त्यावरच्या, कधीही न शिकवलेल्या कुत्र्यांसमोर दोन भांडी ठेवून एकाकडे बोट दाखवलं. जी कुत्री जवळ आली, त्यांतली पाचपैकी सुमारे चार दाखवलेल्या भांड्याकडेच गेली. पाळीव नसलेला कुत्राही माणसाचा हात वाचतो. माणसाचं पोर मात्र कुत्र्याचा चेहरा वाचायला सहजी शिकत नाही. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठात कर्स्टिन माइंट्स यांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांना कुत्र्यांचे फोटो-व्हिडिओ दाखवले. दात विचकून गुरगुरणारा कुत्रा बऱ्याच लहान मुलांना ‘हसतोय’ असा वाटला. माणूस हसतो तेव्हा दात दिसतात, हे मूल पाळण्यात शिकलेलं असतं. तेच ज्ञान ते कुत्र्याला लावतं आणि कौतुकाने तोंड जवळ नेतं. लहान मुलांना चेहऱ्यावर चावे जास्त बसतात, त्याचं एक कारण त्यांची उंची आणि दुसरं हे.

म्हणून पहिलीच्या वर्गात शिकवायच्या गोष्टी थोड्या आणि अगदी साध्या आहेत. शेपूट हलते म्हणजे खूश, हे अर्धंच खरं. सैल, कमरेसकट हलणारी शेपूट वेगळी आणि ताठ उभी राहून टोकाशी थरथरणारी वेगळी. कान मागे चिकटलेले, अंग आखडलेलं, डोळ्याचा पांढरा भाग दिसतोय, ओठ उचललेला : मागे सरका, पाठ न फिरवता. जेवणाऱ्या, झोपलेल्या, बांधलेल्या आणि पिलंवाल्या कुत्रीला हात लावायचा नाही. घरचा असला तरी नाही. आणि कुत्रं अंगावर आलं तर पळायचं नाही. परदेशात मुलांना यासाठी ‘झाड व्हा’ असं शिकवतात : पाय मुळांसारखे रोवायचे, हात खाली, नजर मुळांकडे, श्वास मोजायचे. वऱ्हाडातल्या वर्गात हे करून घ्यायला काही लागत नाही. निम्मी पोरं झाडं होतात, चार पोरं कुत्री होऊन भुंकत फिरतात. भुंकणाऱ्यांना कंटाळा येईपर्यंत झाडांनी हलायचं नाही, असा खेळ. कुत्रा व्हायला सगळेच हात वर करतात, तेवढं सांभाळावं लागतं.

पळू नका, हे सांगणं सोपं. करणं अवघड, कारण गल्लीतल्या मोठ्या माणसांनी दाखवलेला रस्ता उलटा असतो. कुत्रं मागे लागलं की बाप मोटरसायकलचा कान पिळतो आणि मागच्या सीटवरचं पोर पाय वर घेऊन किंचाळतं. पळणाऱ्या चाकाचा पाठलाग हा कुत्र्याचा आवडता खेळ आहे आणि बाप तो दर संध्याकाळी खेळवतो.

कॅलेंडरही लक्षात ठेवण्यासारखं आहे. आपल्याकडच्या गल्लीतल्या कुत्र्यांची वीण पावसाळ्याच्या अखेरीस जोरात असते, पोटुशेपण सुमारे ६३ दिवसांचं. म्हणजे दिवाळीची सुट्टी संपून दुसरं सत्र सुरू होतं, त्याच सुमारास शाळेच्या पुलाखाली, सायकल स्टँडमागे, पडक्या खोलीत पिलं निघतात. एरवी वर्षभर शेपूट हलवत खिचडी खाणारी तीच कुत्री या दीड-दोन महिन्यांत पोरांवर धावून जाते. गावात बोभाटा होतो, की कुत्री पिसाळली. ती पिसाळलेली नसते, बाळंतीण असते. पोरांना पिलं उचलायची अनावर ओढ असते आणि त्यांची कशीही उचलाउचल चालते. डोळे उघडायलाच दोन आठवडे लागतात, त्याआधीच पिलू कुणाच्या तरी दप्तरात गेलेलं असतं. कोलकात्याच्याच त्या गटाने ३६४ पिलांची नोंद ठेवली, त्यांतली पाचातली चार वयात येण्याआधी मेली आणि निम्म्याहून अधिक मृत्यूंमागे माणूस होता. गाडी, मार, विष, उचलून नेणं. ‘मॅडम, ते पिलू रडत होतं म्हनून आनलं’ असं म्हणणारं पोर वाईट नसतं. त्याला आठ आठवडे तरी थांबायला कुणी सांगितलेलं नसतं.

इथवरचं सगळं वर्गातल्या खेळात मावतं. पुढचं मावत नाही.

रेबीज एकदा दिसू लागला की त्यावर उपाय नाही. जवळजवळ शंभर टक्के मृत्यू. आणि चावल्याबरोबर योग्य ते केलं तर जवळजवळ शंभर टक्के बचाव. वैद्यकात इतकी स्वच्छ रेघ फार थोड्या आजारांत सापडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात जगातल्या रेबीजबळींपैकी सुमारे ३६ टक्के भारतात जातात आणि बळींत दहांपैकी चार १५ वर्षांखालची मुलं असतात. पहिलं औषध दवाखान्यात नसतंच, ते न्हाणीघरात असतं : वाहतं पाणी आणि साबण, १५ मिनिटं. विषाणूचं आवरण चरबीचं असतं, साबण ते फोडतो. कपडे धुवायची वडी चालते. आपल्याकडे मात्र जखमेवर मिरचीपूड, चुना, हळद, तेल, गावठी पाला यांचा मान मोठा आहे. मिरचीने आग होते आणि आग होतेय म्हणजे विष निघतंय, असा समज. प्रत्यक्षात चोळल्याने जखम खोलवर ढवळली जाते. १५ मिनिटं म्हणजे किती, हे सात वर्षांच्या पोराला कळत नाही. त्याला सांगायचं, की सगळे पाढे दोनपासून दहापर्यंत म्हणायचे, पुन्हा पुन्हा म्हणायचे, नळ बंद करायचा नाही.

त्यानंतर दवाखाना. अमरावतीत जिल्हा रुग्णालयाला सगळे अजून ‘इर्विन’च म्हणतात, अकोल्याला ‘सर्वोपचार’. लस तिथे मोफत मिळते. दंडावर कातडीच्या आतच दोन ठिकाणी टोचायची पद्धत असेल, तर त्याच दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि २८ व्या दिवशी. जखमेतून रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही भरावं लागतं. ‘पोटात १४ इंजेक्शनं’ ही भीती अजून गावोगाव जिवंत आहे. ती उगाच आलेली नाही. कसौलीला १९०० मध्ये देशातलं पहिलं पाश्चर इन्स्टिट्यूट निघालं, पुढे कसौलीतच डेव्हिड सेम्पल यांनी मेंढीच्या मेंदूपासून लस तयार केली आणि ती जवळजवळ शंभर वर्षं आपल्याकडे पोटात टोचली जात होती. २००४-०५ मध्ये ती बंद झाली. आजीला अनुभव आहे तो त्या लसीचा. नातवाला ती कधीच मिळणार नाही, पण आजीची गोष्ट ऐकून नातू ओरखडा लपवतो.

लपवणं हाच खरा धोका आहे. पोरं दोन गोष्टींना भितात, सुईला आणि माराला. ‘त्या कुत्र्याच्या वाटी कायले गेला होता?’ म्हणून आधी पाठीत धपाटा बसणार हे माहीत असलेलं पोर पोटरीवरचा दाताचा वण पँटखाली झाकतं. पिलाने चाटलं, नखाने खरडलं, चड्डी फाटली पण रक्त आलं नाही, असले प्रकार घरी सांगितलेच जात नाहीत. वर्गात कुत्रा आवडणारी मॅडम असेल तर तिला सांगितले जातात. तिने ओरडायचं नाही, नळाखाली पाय धरायचा, आणि पालकांना फोन. पाळलेल्या कुत्र्याने चावलं असेल तर त्याच्यावर १० दिवस नजर ठेवायची, पण म्हणून लस थांबवायची नाही. हे शेवटचं वाक्य डॉक्टरांना दर वेळी नव्याने समजावावं लागतं, कारण ‘आपलाच मोती तं आहे’ हे उत्तर तयार असतं.

मोतीला लस कुठे? शहरात खाजगी पशुवैद्य आहेत, खेड्यात सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना, आणि अकोल्याला तर पशुवैद्यकीची स्नातकोत्तर संस्थाच आहे, नागपूरच्या विद्यापीठाखालची. तिथे बैल-म्हशींच्या रांगेत साखळीला बांधलेले लॅब्रेडॉर आणि चादरीत गुंडाळलेली गावठी पिलं एकाच बाकावर बसतात. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, तो मुख्यतः जीभ काढून धापा टाकून थंड होतो, तरी इथे हौसेने हस्की पाळणारे भेटतात. त्यांचं काय करावं! गावठी कुत्रा या बाबतीत शहाणा. तो दुपारी कूलरच्या मागे, खसाच्या ताट्यांतून ठिबकणाऱ्या पाण्याने ओल्या झालेल्या मातीत खड्डा करून पडतो आणि सूर्य मावळल्याशिवाय उठत नाही. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, राज्याच्या मागून उघडतात. तेव्हा मॅडमला पहिल्या दिवशी पोरांना वर्गात घेण्याआधी व्हरांड्यात पसरलेली कुत्री उठवावी लागतात.

अमरावतीत याला आणखी एक पदर आहे. पोहरा-मालखेडचं जंगल शहराला चिकटलेलं, त्यामुळे विद्यापीठ परिसरात आणि विदर्भ महाविद्यालयाच्या आवारात बिबट्या दिसल्याच्या बातम्या येत राहतात. तो येतो कुत्र्यांसाठी. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात (अहिल्यानगर जिल्ह्यातलं अकोले, आपलं अकोला नव्हे) बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्याच्या खाण्यात वजनाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. शहराच्या कचऱ्यावर कुत्री पोसतात, कुत्र्यांवर बिबट्या. सुकळीच्या कंपोस्ट डेपोचा डोंगर जोवर आहे, तोवर कुत्री उचलून कुठे नेणार हा प्रश्न महापालिकेला सुटणारा नाही. ज्या गाडगेबाबांचं नाव विद्यापीठाला आहे, त्यांनी हातात झाडू घेतला होता, हे कुणाला आठवत असेल तर.

कुत्र्याच्या बाजूची शिकवण वऱ्हाडातल्या मुलांना परकी नाही. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेले नामदेव तिसरीच्या पोराला ठाऊक असतात. मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपुराशी ज्याचं नातं, त्या लीळाचरित्रात पारध्यांच्या कुत्र्यांपुढून पळालेल्या सशाला चक्रधरस्वामी आसरा देतात. दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री असतातच. तरीही लक्ष्मीपूजनाच्या रात्री शेपटीला लडी बांधायचा खेळ होतोच. कुत्र्याचा कान सुमारे ४५ हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज टिपतो, माणसाचा २० हजारांवर थांबतो. त्या स्फोटाने बिथरलेला कुत्रा दुसऱ्या दिवशी ज्याला चावतो, तो लडी बांधणारा नसतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात अशा गुन्ह्याला पहिल्या वेळी दंड आहे १० ते ५० रुपये. लडी त्याहून महाग मिळते.

मॅडमचा मोती या रात्री पलंगाखाली असतो. सुट्टीनंतर वर्गात ती हे सांगते, तेव्हा पोरांना त्यात पहिल्यांदा रस वाटतो, कारण मोती आता ओळखीचा झालेला असतो. ओळखीच्या कुत्र्याचं भिणं त्यांना कळतं.

कुत्र्याची ओळख वाचनातही कामी येते. १९९९ मध्ये अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीत एक कल्पना निघाली. वाचताना अडखळणाऱ्या मुलाला माणसासमोर नाही, कुत्र्यासमोर बसवून वाचायला लावायचं. कुत्रा चुका काढत नाही, हसत नाही, घड्याळ बघत नाही. पुढे ती कित्येक देशांत गेली. मुंबईतही ‘ॲनिमल एंजल्स फाउंडेशन’सारखी संस्था विशेष मुलांसोबत प्रशिक्षित कुत्र्यांना घेऊन काम करते. केंद्राच्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या मुलाने अर्थ समजून वाचावं, असं उद्दिष्ट आहे आणि वऱ्हाडातल्या बऱ्याच घरांत संध्याकाळी मुलाचं वाचन ऐकायला कुणी रिकामं नसतं. माय चुलीशी, बाप वावरात. प्रशिक्षित कुत्रा भातकुलीला येणं शक्य नाही. पण गोठ्यात बांधलेला, लस टोचलेला, घरचा वाघ्या आहे. मॅडम गृहपाठाच्या वहीत आता एक ओळ लिहून पाठवते : आजचा पाठ घरच्या कुत्र्याला, नसेल तर बैलाला, मोठ्याने वाचून दाखवा, जेवताना नको, दोन हात लांब बसा. सकाळी वर्गात विचारपूस होते. बैलवाले जास्त निघतात.